संस्थात्मक मताधिकार (स्थानिक निवडणुकांतील)

कंपनी, पेढी, व्यापारी मंडळ किंवा विद्यापीठ यांसारख्या संस्थेला नगरसंस्थेच्या निवडणुकीत, तिच्या सभासदांच्या व्यक्तिगत मतांहून वेगळा, संस्था म्हणून मिळणारा मतदानाचा अधिकार. तो नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत किंवा सभासदांच्या स्वतंत्र मतदारसंघामार्फत बजावला जातो.

संज्ञेच्या व्याप्तीबद्दल मतभेद आहेत. काटेकोर अर्थाने, सर्वसाधारण मतदारयादीत कंपनीच्या वतीने नोंदलेले मत एवढाच तिचा आशय ठरतो. लंडन सिटी (लंडनच्या मध्यभागातील, स्वतंत्र नगरसंस्था असलेला व्यापारी भाग) व मेलबर्न ही त्याची प्रचलित उदाहरणे होत. व्यापक अर्थाने, एखाद्या मंडळाला सभागृहात राखून दिलेली जागाही तिच्यात मोडते. मुंबईचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचा असल्याने काटेकोर अर्थ स्वीकारल्यास तो विषयाबाहेरच जातो. म्हणून येथे व्यापक अर्थ ग्राह्य धरला आहे. मात्र करदात्याचा मताधिकार यात येत नाही, कारण त्याचा आधार मालमत्ता असला तरी मतदार व्यक्तीच असते. जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) या वर्गाने निवडलेल्या जागांबाबत प्रश्न अधिक नाजूक आहे. हा वर्ग सामूहिकपणे मतदान करी, परंतु त्यातील प्रत्येकाची नेमणूक सरकारने व्यक्तिशः केलेली असे. तेव्हा त्यास संस्था म्हणण्यापेक्षा विशेषाधिकारी वर्ग म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ सदस्य करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडावयाचे व १६ सरकारने नेमावयाचे होते. व्यापारी मंडळांना तीत स्वतंत्र जागा नव्हती. ती १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने दिली. सदस्यसंख्या ७२ झाली : ३६ प्रभागांतून, १६ जस्टिसांकडून, १६ सरकारनियुक्त, २ विद्यापीठाच्या फेलोंकडून (अधिसभेच्या सदस्यांकडून) आणि २ बाँबे चेंबर ऑफ कॉमर्सकडून. चेंबरची स्थापना १८३६ मधील. काही पारशी पेढ्या आरंभापासून सभासद असल्या, तरी तीवर वर्चस्व युरोपीय व्यापाऱ्यांचेच होते. त्यामुळे ‘व्यापाराचे प्रतिनिधित्व’ या नावाखाली दिलेल्या जागा व्यवहारात कोणाच्या होत्या, हे समजण्यास फारशी चिकित्सा लागत नाही. मुंबईच्या १८९८ च्या सुधारणा विश्वस्त मंडळातही (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चेंबर व गिरणीमालक संघ यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क होता.

पुढचा टप्पा १९२२ च्या दुरुस्तीचा. एकूण १०६ जागांपैकी ७६ प्रभागांच्या, १६ सरकारनियुक्त व १० सहनियुक्त (निवडून आलेल्या सदस्यांनी घेतलेल्या) होत्या. उरलेल्या चारांपैकी प्रत्येकी एक जागा चेंबर, १९०७ मध्ये स्थापन झालेले इंडियन मर्चंट्स चेंबर, १८७५ चा गिरणीमालक संघ आणि विद्यापीठ यांच्याकडे गेली. चेंबरची एक जागा कमी होऊन हिंदी व्यापाऱ्यांच्या मंडळास बरोबरीचे स्थान मिळाले, हे या वाटणीतील मुख्य वैशिष्ट्य. याच दुरुस्तीने मतदाराची पात्रता करभरण्याऐवजी दरमहा दहा रुपये घरभाड्यावर आणली गेली. गिरणगावातील चाळीच्या एका खोलीचे भाडे बहुधा याहून कमी असल्याने कामगार यादीबाहेरच राहिला आणि त्याच्या मालकांच्या संघास मात्र स्वतःची जागा मिळाली. मागाहून, १९३० च्या दशकात, कामगार संघटनांनाही काही प्रतिनिधित्व दिले गेले.

प्रौढ मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. संस्थांचे मतदारसंघ त्यानंतर उरले नाहीत. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) अनुच्छेद २४३-आर अन्वये नगरसंस्थेतील जागा प्रादेशिक मतदारसंघांतून प्रत्यक्ष निवडणुकीने भरणे बंधनकारक केले. नामनिर्देशित सदस्यांना सभागृहात मतदानाचा अधिकार नाही. कायद्यात ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचा समावेश होत असला, तरी मतदार होण्यासाठी नागरिकत्व लागते आणि कंपनी नागरिक नव्हे. मालमत्ता कर भरणाऱ्या कंपन्यांना त्या कराच्या बळावर मत नसते.

परदेशांत ही पद्धत पूर्णपणे गेलेली नाही. इंग्लंडमध्ये १९६९ साली स्थानिक निवडणुकांतील व्यवसायाधारित मत रद्द झाले, परंतु लंडन सिटी त्यातून वगळली गेली. तेथे २००२ च्या कायद्याने नोंदणीकृत कंपन्यांनाही मतदार नेमण्याचा हक्क दिला असून नेमावयाच्या मतदारांची संख्या कर्मचारीसंख्येवर ठरते : नऊपर्यंत कर्मचारी असल्यास एक, पन्नासपर्यंत दर पाच कर्मचाऱ्यांमागे एक, आणि त्यापुढे दर पन्नासांमागे एक जादा. सिडनीत २०१४ मध्ये व्यवसायांना दोन मते देण्यात आली होती. ती तरतूद २०२३ मध्ये मागे घेण्यात आली.

महाराष्ट्रात संस्थेच्या मताची कल्पना स्थानिक स्वराज्याबाहेर मात्र अंगवळणी पडलेली आहे. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सभासद संस्था ठराव करून मतदानासाठी आपला प्रतिनिधी नेमते आणि हा ठराव कोणाच्या नावे होणार यावरच अनेकदा खरी चुरस असते. बाजार समित्यांत व्यापारी-अडते व हमाल-तोलारी असे मतदारसंघ आहेत. व्यवसायवार वाटणीच्या दृष्टीने १९२२ च्या रचनेशी त्यांचे साम्य आहे, पण त्यांतील मतदार परवानाधारक असतो, मंडळ नव्हे.