हायड्रोजनची गळतीही हिशेबात धरायला हवी

स्वयंपाकघरातला गॅस गळू लागला की आपल्याला ते वासावरून लगेच कळते, कारण त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. हायड्रोजनला ना रंग ना वास, आणि त्याची ज्योतही दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. फ्युएल सेलसाठीच्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या उपकरणासाठीच्या, हायड्रोजनमध्ये असे गंधकयुक्त द्रव्य मिसळण्याचीही सोय नाही, कारण गंधकामुळे सेलमधला प्लॅटिनमचा उत्प्रेरक निकामी होतो. त्यात हा सर्वांत लहान रेणू. झडपा आणि जोड यांतून तो सहज निसटतो.

निसटलेला हायड्रोजन स्वतः उष्णता अडवत नाही. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मातीतले जिवाणू शोषून घेतात, ही निसर्गाची मोठीच कृपा आहे. उरलेल्या हायड्रोजनची मात्र हवेतल्या हायड्रॉक्सिल या अत्यंत क्रियाशील घटकाशी अभिक्रिया होते, आणि खरी अडचण तिथेच आहे. मिथेनसारखा प्रखर हरितगृह वायू हवेतून नाहीसा होतो तो प्रामुख्याने याच हायड्रॉक्सिलमुळे. ते हायड्रोजनवर खर्ची पडले की मिथेनचा हवेतला मुक्काम लांबतो. याच अभिक्रियांच्या साखळीत खालच्या थरात ओझोन वाढतो, तर त्याच्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, पाण्याची वाफ वाढते, आणि दोन्ही उष्णता धरून ठेवतात.

२०२३ मध्ये नॉर्वेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासानुसार, १०० वर्षांचा काळ धरला तर एक टन हायड्रोजनचा तापमानवाढीवरील परिणाम सुमारे ११.६ टन कार्बन डायऑक्साइडइतका असतो. हायड्रोजन हवेत जेमतेम दोन वर्षे टिकतो आणि त्याचा परिणाम सुरुवातीच्या काळातच एकवटलेला असतो. त्यामुळे २० वर्षांच्या हिशेबात हाच आकडा ३७च्या आसपास जातो.

सौर-पवन अशा अक्षय विजेने पाण्यापासून बनवलेला हायड्रोजन म्हणजे हरित हायड्रोजन. आपल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे आहे, आणि त्यातून वर्षाला सुमारे ५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड टळेल अशी अपेक्षा आहे. उदाहरणादाखल यातला ५ टक्के हायड्रोजन वाया गेला असे धरू. ही गळती अडीच लाख टन होते, म्हणजे शतकाच्या मापाने २९ लाख टन कार्बन डायऑक्साइड, टळलेल्या उत्सर्जनाच्या जवळपास ६ टक्के. वीस वर्षांच्या मापाने हाच वाटा १८ टक्क्यांवर जातो. हरित हायड्रोजन तरीही फायद्याचाच ठरतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एवढी मोठी वजावट ताळेबंदाबाहेर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

यातली काही गळती आराखड्यातच रोखता येते. पाण्याच्या विद्युत अपघटनात, म्हणजे विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करताना, ऑक्सिजनच्या बाजूला झिरपलेला हायड्रोजन उत्प्रेरकावरून नेला, तर त्याचे पुन्हा पाणी होते. उणे २५३ अंश सेल्सिअसला साठवलेल्या द्रव हायड्रोजनची सतत होणारी वाफही परत पकडता येते. किरकोळ जोडांमधली गळती शोधणे जास्त कठीण, कारण सुरक्षेसाठी बसवलेले संवेदक प्रामुख्याने स्फोटाचा धोका ओळखण्यासाठी असतात आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाल्याखेरीज तो पेट घेत नाही. हवामानाच्या दृष्टीने महत्त्वाची गळती त्याहून कितीतरी विरळ असते आणि ती मोजायला अब्जांशांपर्यंत पोहोचणारी उपकरणे लागतात, कारण मोकळ्या हवेतच दर अब्ज रेणूंमागे हायड्रोजनचे सुमारे ५३० रेणू आधीपासून असतात.