पॅडलटेल आणि जर्कशॅड: काम शेपटीचं की मनगटाचं?

पॅडलटेल आणि जर्कशॅड हे दोन्ही मासेमारीतले मऊ प्लास्टिकचे ल्यूर, म्हणजे नकली मासे. दोघांच्याही पाकिटावर बहुधा ‘शॅड’ असंच छापलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लांबी तीच, ८ ते १२ सेंटिमीटर. रंग तेच, अंगलटही लहान माशासारखीच. वेगळी असते ती शेपटी. पॅडलटेलच्या टोकाला बुटाच्या तळव्यासारखी चकती असते, तर जर्कशॅडची शेपटी निमुळती किंवा टोकाशी दुभंगलेली. एवढ्याशा फरकाकडे काय बघायचं, असं म्हणून लोक दोन्ही एकाच जिगहेडवर (वजनदार डोकं असलेल्या गळावर) चढवतात, एकाच वेगाने ओढतात आणि संध्याकाळी सांगतात, “जर्कशॅडला मासाच लागत नाही.” हे इतक्या वेळा ऐकलंय की आता नीट लिहायलाच हवं.

पॅडलटेल बहुतेकांच्या हातातला आहे, त्यामुळे थोडक्यात. फेका, तळापर्यंत जाऊ द्या, रीळ सावकाश आणि एकसारखं फिरवा. चकतीवर पाण्याचा दाब पडतो, शेपटी डावी-उजवी हलते, त्यासोबत अंगही डुलतं. ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोर असेल तर ती थरथर रॉडच्या मुठीत कळते. गढूळ पाण्यात किंवा तिन्हीसांजेला, जेव्हा माशाला फारसं दिसत नसतं, तेव्हा हीच थरथर त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेतून जाणवते. इथे शेपटीच काम करते, तुम्ही फक्त तिला पाणी पुरवता.

जर्कशॅडला असं कोणी पाणी पुरवून उपयोग नाही. तो एकसारखा ओढला तर काडी ओढल्यासारखा सरळ येतो. त्याच्यात जीव येतो तो मनगटाने, आणि तोही झटक्याने अर्धाच. उरलेला अर्धा ढिलाईने येतो. नेमकं हेच कोणी सांगत नाही. रॉडचं टोक खाली पाण्याकडे ठेवून छोटा, कोरडा झटका द्या आणि त्याच क्षणी टोक ल्यूरच्या दिशेने परत न्या. दोरीला हलकी झोळ पडली पाहिजे. ती झोळ असताना जर्कशॅड एका बाजूला सटकतो, क्षणभर तरंगल्यासारखा थांबतो आणि मग घायाळ माशासारखा तिरपा खाली उतरतो. झटक्यानंतर दोर ताणून धरला तर हे सगळं मरतं. ल्यूर झोक्यासारखा तुमच्याकडे ओढला जातो. शेजारी उभं राहून पाहिलं की कळतं: हात तेच करतोय, झटकाही छान बसतोय, पण दोर कायम तारेसारखा ताठ.

ढिल्या दोरात चावा कळणार कसा, हा प्रश्न रास्त आहे. डोळ्यांनी कळतो. बहुतेक चावे ल्यूर उतरताना येतात. पाण्यावरच्या दोराकडे बघत राहा. तो बाजूला टुणकन उडाला, किंवा तळ यायच्या आधीच खाली जायचा थांबला, तर मासा आहे. आधी झोळ गुंडाळा, मग रॉड उचला.

यातूनच कोणता केव्हा निवडायचा ते ठरतं. पॅडलटेलला जिवंत राहायला प्रवास करावा लागतो, तो थांबला की शेपटी थांबते. जर्कशॅड मात्र हातभर जागेत चार-पाच झटके नाचवता येतो. म्हणून मासा कुठे आहे हे माहीत नसेल, पाण्याचा मोठा पट्टा धुंडाळायचा असेल, तर पॅडलटेल. कांदळवनाच्या मुळांशी जिताडा दबा धरून बसलाय याची खात्री असेल, पाणी नितळ असेल किंवा ओहोट संपून प्रवाह थांबला असेल, तर जर्कशॅड. अशा जागी पॅडलटेल त्याच्या तोंडासमोरून दोन सेकंदांत निघून जातो आणि आपण तीच फेक पुन्हा पुन्हा करत राहतो.

वजनातही हीच चूक होते. उथळ, मीटर-दीड मीटर पाण्यात १० सेंटिमीटरच्या जर्कशॅडला मी ३.५ ग्रॅमचा जिगहेड लावतो, त्याहून जड नाही. ७ किंवा १० ग्रॅमचं डोकं लावलं की त्याचं ते तिरपं उतरणं जातं आणि तो दगडासारखा नाक खाली करून बुडतो. पॅडलटेल ७ ग्रॅम आनंदाने सोसतो. खोल पाण्यात जोराचा प्रवाह असेल तर जड डोकं लागतंच. तिथे मी जर्कशॅडचा हट्ट धरत नाही.

पॅडलटेलवाल्यांसाठीही एक गोष्ट. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकून ल्यूर आपल्याकडे आणताना पाणीही त्याच दिशेने वाहत असतं. तुमचा वेग आणि प्रवाहाचा वेग सारखा झाला तर चकतीवर दाबच पडत नाही, शेपटी निपचित. अशा वेळी रीळ प्रवाहापेक्षा जलद फिरलं पाहिजे. मुठीतली थरथर गेली म्हणजे शेपटी थांबली.

रंगावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. नितळ पाण्यात फिका, गढूळ पाण्यात गडद, एवढ्यावर माझं भागतं. त्यापेक्षा गळ मधोमध बाहेर आलाय का ते बघा. जिगहेड ल्यूरला बाजूने लावून गळ कुठे बाहेर यायला हवा तिथे नखाने खूण करा, मग ओवा. तिरका ओवलेला पॅडलटेल गरगर फिरतो आणि दोराला पीळ भरतो. आणि ताणले जाणारे, पाण्यावर तरंगणारे इलास्टोमरचे ल्यूर साध्या पीव्हीसीच्या ल्यूरसोबत एका डबीत ठेवू नका. दोन्ही एकमेकांत विरघळतात. माझ्या डबीत एकदा पाच ल्यूरचा एकच चिकट गोळा झाला होता.

पहिली फेक करण्याआधी ल्यूर पायाशी, गुडघाभर पाण्यात सोडा. पॅडलटेल हातभर ओढा: शेपटी किती कमी वेगाला हलायला लागते ते बघून ठेवा, दिवसभर तोच वेग धरायचाय. जर्कशॅडला झटका देऊन दोर सोडा. तो बाजूला सटकून पोटाची चमक दाखवत उतरला तर वजन बरोबर आहे. नाक खाली करून सरळ बुडाला तर जिगहेड हलका करा.