रोमच्या सोन्यावरचा गरुड

प्राचीन रोममधील सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणत. त्याचा व्यास जेमतेम २ सेंटिमीटर, वजन सुमारे ८ ग्रॅम आणि मोल चांदीच्या २५ दिनारियसांइतके होते. संस्कृत ग्रंथांतील ‘दीनार’ हा शब्द याच दिनारियसवरून आला. कोरलेल्या दोन ठशांमध्ये सोन्याची चकती ठेवून हातोड्याचा घाव घातला की नाणे तयार होई. ही नाणी प्रामुख्याने सैनिकांच्या बक्षिसीतून आणि मोठ्या व्यवहारांतून फिरत असल्यामुळे त्यांवरचे चित्र फार विचारपूर्वक निवडले जाई.

इ.स.पू. ४२ मध्ये रोमचा हुकूमशहा ज्युलियस सीझर याच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर असून त्यांच्यामध्ये एक टोपी आहे. मुक्त झालेला गुलाम अशी टोपी घालत असे. खाली १५ मार्चची, म्हणजे सीझरच्या हत्येची तिथी कोरलेली आहे. खंजिरांनी रोमला गुलामीतून सोडविले, हा अर्थ वाचून दाखवावा लागत नाही. मात्र जिवंतपणी स्वतःची मुद्रा नाण्यावर आणणाऱ्या सीझरला मारणाऱ्या ब्रूटसने या नाण्याच्या दुसऱ्या बाजूवर स्वतःचाच चेहरा छापला, ही विसंगती मला फार बोलकी वाटते.

सीझरचा दत्तक पुत्र आणि रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने अधिक सावध भाषा निवडली. इ.स.पू. २७ च्या जानेवारीत सिनेटने, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेने, त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी, ओकच्या पानांचा मुकुट आणि दाराशी लॉरेलची झाडे लावण्याचा मान दिला. त्याच वर्षीच्या ऑरियसवर पंख पसरलेला गरुड पायांत ओकचा मुकुट धरून उभा आहे आणि त्याच्या मागे लॉरेलच्या दोन फांद्या दिसतात. गरुड हा देवांचा राजा ज्युपिटर याचा पक्षी, तर लॉरेल हे अपोलो या देवाचे झाड. ओकचा मुकुट मात्र पूर्वी युद्धात सहकारी नागरिकाचा जीव वाचविणाऱ्या सैनिकाला मिळत असे. राजदंड किंवा राजमुकुट यांचा मागमूसही नाही, कारण राजा होऊ पाहतो या संशयावरून १७ वर्षांपूर्वी सीझरचा खून झाला होता.

पुढे हे सोने व्यापारातून दक्षिण भारतात आले. तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियसांचा साठा सापडला, आणि त्यांतील बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. चलन म्हणून ती बाद करून निव्वळ सोने म्हणून वापरण्यासाठी हा घाव घातला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.