पेशीच्या आत दडलेला विषाणू आणि त्याला शोधणाऱ्या टी पेशी

विषाणूची साथ आली की चर्चा प्रतिपिंडांचीच, म्हणजे रोगजंतूंना चिकटून त्यांना निकामी करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचीच (अँटीबॉडीज), होते: किती तयार झाली, किती महिने टिकली. या सवयीची मुळे जुनी आहेत. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्पाच्या विषाला निष्प्रभ करणारे घटक रक्तद्रवात असल्याचे दाखवले आणि पुढची अनेक दशके संशोधकांचे लक्ष रक्तद्रवावरच राहिले. शरीराच्या पेशी स्वतः लढतात, हे इल्या मेचनिकॉफ १८८० च्या दशकापासून सांगत होते. १९०८ चे नोबेल त्यांना आणि रक्तद्रवाच्या बाजूचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले, तरी पेशींचा अभ्यास मागेच पडला.

विषाणूंपुढे ही मांडणी तोकडी पडते. विषाणू पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती तयार करून घेतो. प्रतिपिंडे त्याला बाहेर असतानाच गाठतात. मग आत शिरलेल्या विषाणूचा नायनाट कोण करते?

उत्तराची चाहूल आजारी मुलांकडून लागली. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रुटन यांनी ज्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला प्रथिनांचा गट, जवळपास नव्हतेच, अशा एका मुलाची नोंद केली. अशा मुलांना जिवाणूंचे संसर्ग वारंवार होत, पण गोवर मात्र बहुधा इतरांसारखाच येऊन बरा होई. म्हणजे प्रतिपिंडांवाचूनही काहीतरी काम करत होते. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची छातीतली थायमस ग्रंथी काढली. तोवर ती निरुपयोगी समजली जात असे. या उंदरांच्या रक्तातल्या लसीकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घटल्या आणि परकी त्वचा लावली तरी त्यांचे शरीर ती नाकारेना. थायमसमध्ये घडणाऱ्या या पेशींना पुढे टी पेशी हे नाव मिळाले.

पण बाहेरून निरोगी दिसणाऱ्या पेशीच्या आत विषाणू आहे, हे टी पेशीला कळते कसे? मला या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. त्याची उकल ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात झाली. पीटर डोहर्टी हे पशुवैद्यक आणि रॉल्फ झिंकरनागेल हे स्विस डॉक्टर १९७३ मध्ये तिथे एकत्र काम करू लागले. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक विषाणू त्यांनी उंदरांना टोचला, त्या उंदरांच्या टी पेशी काढल्या आणि किरणोत्सारी क्रोमियम भरलेल्या संसर्गित पेशींसोबत ठेवल्या. पेशी फुटली की क्रोमियम बाहेर येते, म्हणजे किती पेशी मेल्या ते मोजता येते. आपल्याच वंशाच्या उंदराच्या संसर्गित पेशी टी पेशींनी मारल्या. दुसऱ्या वंशाच्या पेशींना तोच विषाणू लागला होता, तरी त्यांना हातही लावला नाही. टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही, स्वतःच्या शरीराच्या खुणेसोबत तो दिसला तरच हल्ला करते. ही खूण म्हणजे अवयवरोपण फसवणारी, तोवर बुचकळ्यात टाकणारी प्रथिने. ती निसर्गाने कशासाठी ठेवली, याचेही उत्तर त्याच प्रयोगात मिळाले. १९७४ मधल्या या निष्कर्षांसाठी दोघांना १९९६ चे नोबेल मिळाले.

तपशील १९८० च्या दशकात भरला गेला. अ‍ॅलन टाउनसेंड यांनी इन्फ्लूएंझावर काम करताना दाखवले की विषाणूच्या आतल्या प्रथिनाचे छोटे तुकडेही टी पेशीला ओळख पटायला पुरतात. १९८७ मध्ये पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी त्या खुणेच्या प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा तिच्यात असा तुकडा धरणारी खाचच दिसली. पेशी आतल्या प्रथिनांचे नमुने सतत पृष्ठभागावर मांडते. त्यात परका तुकडा दिसला की मारक टी पेशी परफोरिन या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोके पाडते आणि ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत सोडून तिला मरायला लावते. काही विषाणू ही खूणच दडवतात. त्यांच्यासाठी १९७५ मध्ये सापडलेल्या नैसर्गिक मारक पेशी आहेत. खूण गायब असणे हाच त्यांच्यासाठी इशारा असतो.

प्रतिपिंडे मोजणे सोपे, टी पेशी मोजणे किचकट. त्यामुळे मोजले जाते तेच महत्त्वाचे ठरते, ही मला खरी अडचण वाटते. २००३ च्या सार्स या कोरोना विषाणूच्या श्वसनरोगातून बरे झालेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सिंगापूरच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळल्या, आणि त्यांतल्या काही कोविड-१९ च्या नव्या कोरोना विषाणूच्या आतल्या प्रथिनालाही प्रतिसाद देत होत्या.