फाटका सूर आणि झोपलेला पेजर

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत आग विझवायला धावणारी माणसं बहुतेक ठिकाणी पगारी नसतात. कुणी शेतकरी, कुणी गॅरेजवाला, कुणी मास्तर. रात्री उशाशी पेजर ठेवून झोपतात. आग लागली की नियंत्रण कक्षातून रेडिओवर आधी दोन सूर वाजतात, पहिला साधारण एक सेकंद, दुसरा तीन सेकंद, आणि मग पत्ता सांगितला जातो. सुरांची ती जोडी ज्या केंद्राची, त्याच केंद्राचे पेजर ओरडतात. बाकीचे गप्प.

हे चालतं सतारीच्या तरफांसारखं. तरफेची तार छेडावी लागत नाही, तिचा सूर वरच्या तारेवर लागला की ती आपली आपण झणझणते. जुन्या यंत्रांत तर खरोखरच कंप पावणारी धातूची पट्टी असायची, पेटीत असते तशी. आता तेच काम चिप करते. मोटोरोलाच्या ‘क्विक कॉल टू’ पद्धतीतले काही सूर असे: ३४९.०, ३६८.५, ३८९.० हर्ट्झ. शेजारच्या दोन सुरांत जेमतेम साडेपाच टक्क्यांचं अंतर, म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतरापेक्षाही किंचित कमी. त्यामुळे सूर थोडा जरी सरकला तरी पेजर ओळख देत नाही.

तक्रार येते ती मात्र वेगळीच: ‘सूर फाटतोय.’

अशा वेळी पहिला संशय आवाजाच्या पातळीवर घ्यावा. एफएम प्रक्षेपकात मूळ रेडिओलहरीची वारंवारता आवाजाच्या जोराप्रमाणे मागेपुढे सरकते. ती शेजारच्या चॅनेलमध्ये घुसू नये म्हणून एक मर्यादक बसवलेला असतो. सूर मर्यादेपेक्षा जोरात आला की तो सुराच्या लहरीचे माथे सरळ छाटतो. लहरीचं चित्र दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर गोलसर टेकड्यांच्या जागी सपाट पठारं दिसू लागतात. ६००.९ हर्ट्झच्या सुरासोबत मग तिप्पट वारंवारतेचा, १८०२.७ हर्ट्झचा, बिनबोलावलेला सूरही वाजतो. मांडवातला कर्णा फाटतो तो याच कारणाने.

२०१३ मध्ये याचा चांगलाच अनुभव येण्याजोगी परिस्थिती तिथे होती. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १ जानेवारी २०१३ पर्यंत अशा रेडिओंच्या बहुतेक पट्ट्यांतले २५ किलोहर्ट्झचे चॅनेल १२.५ वर आणायला लावले. लहर सरकायची मुभा ५ वरून २.५ किलोहर्ट्झवर आली. सुराची पातळी जुन्या हिशेबाने ३ वर ठेवलेली असेल आणि ती कमी करायची राहिली, तर प्रत्येक सूर छाटला जाणारच.

एक सूर स्वच्छ आणि फक्त उंच सूर फाटत असेल, तर दोष बहुधा निराळा असतो. प्रक्षेपक उंच स्वरांना मुद्दाम उठाव देतो, वारंवारता दुप्पट तर जोर दुप्पट. वाटेतल्या एखाद्या उपकरणाने हाच उठाव आधीच दिला असेल, तर तो दोनदा लागतो आणि दुपटीचा चौपट होतो.

गंमत अशी की छाटलेल्या लहरीतही मूळ सूर जागेवरच असतो. कानाला नकोसा वाटणारा तो सूर पेजर बऱ्याचदा निमूटपणे ओळखतो. उलटं घडतं डिजिटल रेडिओत. तिथला आवाज दाबणारा कोडेक माणसाचं बोलणं डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला आहे. पी-२५ या आपत्कालीन सेवांच्या डिजिटल रेडिओ पद्धतीतला कोडेक २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, त्यांचं वर्णन पाठवतो आणि पलीकडे त्यावरून आवाज नव्याने रचला जातो. बोलण्याची नक्कल चांगली उतरते, पण सलग शुद्ध सूर थरथरतो, कुठे सरकतो. ऐकणाऱ्याला ‘ठीकच आहे की’ वाटतं आणि पेजर ढिम्म. म्हणूनच बोलणं डिजिटलवर नेल्यावरही अनेक जिल्ह्यांनी पेजिंग जुन्या अ‍ॅनालॉग चॅनेलवरच ठेवलं. मला तरी ते शहाणपणाचं वाटतं.

सूर फक्त काही गावांतच बिघडत असेल तर टॉवरांकडे बघावं. एकाच वारंवारतेवर दोन टॉवर एकदम बोलत असतील आणि एकाचा आवाज अर्धा मिलिसेकंद मागे पडला, तर १००० हर्ट्झच्या सुराचे चढ दुसऱ्याच्या उतारांवर येतात. दोघांची ताकद जिथे सारखी पोचते, तिथे सुराचा चिवडा होतो. एवढ्या वेळात रेडिओलहर दीडशे किलोमीटर जाते, तेव्हा दोन-चार किलोमीटरच्या फरकाला बोल लावण्यात अर्थ नाही. उशीर बहुधा टॉवरपर्यंत आवाज नेणाऱ्या लाइनमध्ये असतो.

शोध घेताना वाट मधोमध तोडावी. प्रक्षेपकाच्या तोंडाशी, लाइन संपते तिथे, सूर तपासायचा. तिथे स्वच्छ असेल तर नियंत्रण कक्ष आणि लाइन सुटली, फाटका असेल तर प्रक्षेपकाला हात लावायचं कारण नाही. उरलेल्या अर्ध्या वाटेवर पुन्हा तेच. दोष सापडला की पुष्कळदा काम स्क्रू पाव फेरा फिरवण्याइतकंच निघतं. नंतरची चाचणी मात्र टॉवरखाली उभं राहून घेऊ नये, तिथे सगळं छानच वाजतं. ती घ्यावी जिल्ह्याच्या टोकाच्या घरात, पेजर रात्री जिथे ठेवला जातो त्या उशाशी.