हॅकर कोण आणि क्रॅकर कोण?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले, तेव्हा जो तो ‘हॅकर्सनी डल्ला मारला’ असेच म्हणत होता. आणि याच शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘हॅकेथॉन’ ही प्रोग्रॅमिंगची स्पर्धा जिंकणाऱ्या मुलांचे सत्कार होतात.

हा घोळ जुना आहे. १९६०च्या आसपास अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मॉडेल रेल्वे क्लबातील विद्यार्थी एखाद्या कल्पक, काहीशा खोडकर तांत्रिक करामतीला ‘हॅक’ म्हणत आणि यंत्र आतून कसे चालते हे समजून घेण्याचा नाद असलेल्यांना हॅकर. पुढे वर्तमानपत्रांनी संगणकांत चोरून शिरणाऱ्यांनाही हेच नाव चिकटवल्यावर, आपली बदनामी टाळण्यासाठी हॅकर मंडळींनी १९८५च्या सुमारास अशांसाठी ‘क्रॅकर’ हा शब्द पुढे केला. तो फारसा रुळला नाही, हे कबूल करावे लागेल.

कॉसमॉस प्रकरणात कार्डांच्या नकला करून अनेक देशांतील एटीएमवर पैसे मागण्यात आले आणि ती मागणी बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचूच न देता, मध्ये उभारलेल्या बनावट स्विचने, म्हणजे एटीएमच्या मागण्या बँकेपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेच्या नकलेने, परस्पर मंजूर केली. काम अव्वल दर्जाचे, तरीही क्रॅकरचेच. कारण फरक कौशल्याचा नसून परवानगीचा आहे: बँकेने लेखी परवानगी देऊन नेमलेला तपासनीसही हीच फट शोधतो, फक्त ती बँकेला दाखवून देतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ नेमके परवानगीवरच बोट ठेवते. कलम ६६ मध्ये पूर्वी ‘हॅकिंग’ हा शब्दच होता; २००८च्या दुरुस्तीने तो गेला आणि अप्रामाणिक किंवा कपटी हेतू हा निकष आला.

‘क्रॅक’चेही अर्थ फुटलेले आहेत. परवाना न घेता सॉफ्टवेअर चालावे म्हणून त्याचे कुलूप तोडणारी फाईलही क्रॅकच, आणि सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत एमपीएससीही ‘क्रॅक’ होते.

ओटीपी स्वतःच सांगून बसल्यावरही ‘खाते हॅक झाले’ म्हणण्याची पद्धत आहे. तेथे बहुधा हॅकर नसतो आणि क्रॅकरही नसतो. म्हणून सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करताना ओटीपी दिला, लिंक उघडली की कार्ड हातात असताना पैसे गेले, हे स्पष्ट सांगावे. तपासाची दिशा त्यावरच ठरते.