औषध कधीच न घेतलेलं माकड

वाईहून पाचगणीला निघालं की पसरणी घाटात कठड्यावर माकडं बसलेली दिसतात. गाडी थांबते, काच खाली होते आणि अर्धं खाल्लेलं कणीस बाहेर येतं. माकड ते झडप घालून उचलतं आणि दाणे भराभर गालाच्या पिशवीत कोंबतं. आपल्या हातातोंडाचे जिवाणूही दाण्यांबरोबर आत जातात.

या माकडाला जन्मात कुणी अँटिबायोटिकची गोळी दिलेली नसते. तरी त्याच्या आतड्यात अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू सापडू शकतात. ई. कोलाय हा जिवाणू माणसाच्या, गाईच्या, माकडाच्या, सगळ्यांच्याच पोटात राहतो. औषधाला पुरून उरायची युक्ती पुष्कळदा त्याच्या डीएनएच्या एका छोट्या सुट्या वेटोळ्यावर असते. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. जिवाणू त्याची प्रत शेजाऱ्याला देतो, आणि तो शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. म्हणजे गोळी आपण खायची आणि तिच्यातून तगलेले जिवाणू उष्ट्यातून, सांडपाण्यातून रानात पोचायचे.

केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांवरचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. माणसांचा उकिरडा उपसणाऱ्या कळपात असे जिवाणू रानात चरणाऱ्या कळपांपेक्षा जास्त निघाले. चाळीस वर्षं झाली, आणि आपण अजून घाटात काच खाली करतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासणीसाठी माकड पकडावं लागत नाही. कळपावर लांबून नजर ठेवायची आणि विष्ठा पडली की लगेच, कोरडी व्हायच्या आत, निर्जंतुक चमच्याने तिचा मधला भाग घ्यायचा. मधलाच, कारण बाहेरून माती लागलेली असते आणि मातीत स्वतःचे औषधरोधी जिवाणू असतात. औषधाला पुरून उरायची ही युक्ती माणसाच्या औषधांहून फार जुनी आहे. ३०,००० वर्षांपूर्वी गोठलेल्या मातीतही तिची जनुकं सापडली आहेत.

नमुना बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जातो. जिवाणू वेगळे करून बशीतल्या पोषक थरावर पसरतात आणि त्यावर औषध भिजवलेल्या, सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ दिसलं तर औषध चाललं. ते पट्टीने मोजतात. जिवाणू चकतीच्या कडेला भिडून वाढले असतील तर त्या औषधाचा उपयोग संपला.

पिंजऱ्यातल्या माकडांचं गणित निराळं. त्यांना औषधं दिलेली असतात, त्याची नोंदही असते. पण सोबत त्यांना खाऊ घालणाऱ्या माणसांचीही तपासणी हवी, नाहीतर कुणाचं कुणाकडे गेलं ते कळत नाही. आफ्रिकेतल्या अनाथ चिंपांझींच्या आश्रयस्थानांत माणसाचे औषधरोधी स्टॅफिलोकोकस जिवाणू चिंपांझींमध्ये आढळले. तो अभ्यास २०१२ चा. असा प्राणी बरा झाला म्हणून रानात सोडला, तर ते जिवाणूही रानात जातात. म्हणून जखमी माकड किंवा वानर उपचारानंतर सोडताना ही चाचणी व्हायलाच हवी असं मला वाटतं.

साताऱ्यात या कामाला जागा आयती आहे. घाटातला कळप, क्षेत्र महाबळेश्वरला देवळाभोवती वावरणारा कळप आणि कोयनेच्या दाट रानातला, माणूस क्वचितच दिसणारा कळप. तिघांचे नमुने एकाच पद्धतीने, एकाच आठवड्यात घ्यायचे. एकदा मे महिन्यात, घाट गाड्यांनी भरलेला असताना. आणि पुन्हा ऐन जुलैत, धो-धो पावसात गर्दी ओसरल्यावर, त्याच कळपांचे.